जावईबापूंची मोटरसायकल

माझ्या भाचीने कॉलेजात मोटरसायकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, तेव्हा तिच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, एकच अट घातली. मोटरसायकल हवी तेवढी शीक, उघड, जोड, तिच्यावर पेपर लिही, पण आयुष्यात कधी तिच्यावर बसायचं नाही. भाचीने शब्द दिला. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. आमच्या घरात शब्द देताघेताना मामा लागतोच. पुढेमागे शब्द मोडला, तर बोल लावायला कुणीतरी हाताशी असलेला बरा.

ताई हाडांच्या वॉर्डात हेड सिस्टर. तुम्ही-आम्ही मोटरसायकल रस्त्यावर बघतो, ताईने ती जन्मभर खाटेवर बघितली. तिच्या लेखी ते वाहन नव्हतंच, आजार होता. "काय झालंय याला?" असं डॉक्टरांनी विचारलं, की ती "मोटरसायकल" एवढंच सांगे, कांजिण्या सांगाव्यात तसं. मनगट मोडलेला आला तर तो पुढे पडलाय. नडगी मोडलेला आला तर वळणावर आडवा झालाय. आणि काहीच न मोडलेला आला, तर तो मित्राला भेटायला आलाय, त्याची गाडी खाली उभी आहे, आणि त्याच्यासाठी खाट रिकामी करून ठेवायला हरकत नाही.

"मग पोरीला तिकडे पाठवतेस कशाला?" मी विचारलं होतं.

"अरे, आतलं सगळं एकदा कळलं की कोण बसेल त्याच्यावर? आमच्या डॉक्टरांपैकी बसतो का कुणी?"

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, आरामखुर्चीत पेपर वाचत होते. ते म्हणाले, "बरोबर आहे." भाऊजींचं हे वाक्य कुठल्याही बाजूला चालतं, म्हणून त्यांच्या संसारात कधी भांडण झालेलं नाही.

कॉलेज ताईच्या अटीला अगदी पोषक निघालं. तिथे मोटरसायकलवर कुणीच बसत नसे. विभागप्रमुख बसने येत. स्थैर्य या विषयावर त्यांचा अधिकार मोठा होता, आणि बसमध्ये मात्र ते दोन्ही हातांनी दांडा धरून उभे असत, असं भाचीने पाहिलं होतं. वर्कशॉपमधल्या गाड्या लोखंडी रुळांवर चढवून ठेवलेल्या. पुढचं चाक शिकंज्यात पक्कं, मागचं चाक रुळावर. इंजिन सुरू केलं की चाक फिरे, रूळ फिरे, काटा फिरे, आणि गाडी तिथल्या तिथे. खिडकीजवळच्या एका जुन्या गाडीने म्हणे पृथ्वीप्रदक्षिणेइतकं अंतर कापलं होतं. तिच्या टाकीवर कुंडी ठेवलेली होती.

आता गाडी धावणार म्हणजे वर वजन हवं. त्यासाठी जावईबापू होते.

जावईबापू म्हणजे वाळूने भरलेला कॅनव्हासचा माणूस. त्यांना हात नव्हते, पाय गुडघ्यापर्यंतच होते, पोट मात्र भरपूर होतं. जिथे बसवाल तिथे बसून राहायचं, काही करायचं नाही, आणि बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं, या गुणांवरून कुठल्याशा जुन्या बॅचने त्यांना हे नाव दिलं आणि ते चिकटलं. विभागप्रमुखसुद्धा गंभीर चेहऱ्याने म्हणत, "आधी जावईबापूंना बसवा, मग आकडे घ्या." दरवर्षी नवी मुलं येत, वजन कमी भरायला नको म्हणून भीतीपोटी आणखी चार मुठी वाळू कोंबत, आणि जावईबापूंची प्रकृती सुधारत जाई.

भाचीला कॉलेजात सगळे 'पाना' म्हणत, कारण तिच्या मागच्या खिशात तो कायम असे. शेवटच्या वर्षाला स्वतःची मोटरसायकल बांधायची होती. पानाने चौकट आखायची, आणि तिच्या जोडीदाराने हिशेब करायचे. हा जोडीदार 'गणिती' म्हणून प्रसिद्ध. समोरून गाडी आली तर आधी तिचा वेग काढून मग बाजूला होणाऱ्यांपैकी. दोघांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती, म्हणून त्यांनी क्लच आपोआप चालेल असा बसवला. नुसती मूठ पिळायची आणि निघायचं.

मी एकदा वर्कशॉपमध्ये डोकावलो होतो. नळ्यांची ती चौकट खरोखर देखणी होती. जोड असे, की बोट फिरवलं तरी कुठे अडत नव्हतं. पाना गुडघ्यावर बसून एकेक जोड कानसत होती आणि गणिती बाजूला उभा राहून काळजी करत होता.

"मामा, एकच अडचण आहे," पाना म्हणाली. "हँडल वळवलं की जावईबापूंच्या पोटाला लागतं."

"उपाय दोन आहेत," गणिती म्हणाला. "पोट कमी करायचं, नाहीतर हँडल कमी वळवायचं."

विभागप्रमुख तिथेच होते. ते म्हणाले, "पोटाला हात लावायचा नाही. पोट प्रमाणित आहे. विभागाचे सगळे आकडे त्या पोटावर उभे आहेत."

मग हँडलच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोन लोखंडी ठोकळे वेल्ड केले. हँडल जेमतेम बोटभर वळे आणि खट्टकन थांबे. जावईबापूंच्या पोटाला अजिबात धक्का नाही. गाडी रुळावर चढवली, पुढचं चाक शिकंज्यात आवळलं, आणि दिवसभर पळवली. कुठे थरथर नाही, कुठे गळती नाही. मागच्या स्प्रिंगाही जावईबापूंच्या वजनाला बेतून बसवलेल्या, ते बसले की गाडी शहाण्यासारखी खाली येई. विभागप्रमुखांनी गाडीवरून हात फिरवला. "आदर्श," ते म्हणाले.

जावईबापूंचा अंगरखा फाटला होता, म्हणून पानाने घरून वडिलांचा एक जुना चौकटीचा शर्ट आणून त्यांना चढवला. तो त्यांना असा बसला, की जणू मापानेच शिवलेला.

आणि मग विद्यापीठाचा नवा नियम आला.

इतकी वर्षं परीक्षक येत, रुळावरची गाडी आणि तिच्यावरचे जावईबापू बघत, बिस्किटं खात आणि जात. पण कुठल्याशा कॉलेजात मुलांनी म्हणे रूळ सोडून मैदानात गाडी दाखवायचं ठरवलं आणि सर्कशीतला स्वार भाड्याने आणला. त्याने अशी काही गाडी फिरवली, की परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि मग कळलं, गाडीला पुढचं चाक बसवायचं राहूनच गेलं होतं. तेव्हापासून नियम झाला: गाडी मैदानात फिरली पाहिजे, एक पूर्ण फेरी, आणि ज्याने चौकट आखली त्यानेच बसलं पाहिजे. फेरी नाही तर प्रकल्प नापास, आणि प्रकल्प नापास म्हणजे पदवी नाही.

पाना माझ्याकडे आली. खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली.

"मामा, आईशी तू बोल."

"मी साक्षीदार आहे, बाई. वकील नाही."

"मग मी काय करू?"

"गुपचूप बस की. एका फेरीने काय होतंय? तिला कोण सांगणार?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला माझंच वय आठवलं. "शब्द दिलाय ना, मामा," ती म्हणाली. पोरगी आईवर गेली आहे हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, आणि जरा भीतीच वाटली.

शेवटी मी गेलो. ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी चार विषय फिरवून आणले आणि म्हणालो, "समजा, ताई, एखाद्या मुलीला फक्त परीक्षेपुरतं..."

"नाही."

"अगं, पुढचं तरी ऐक."

"तू 'समजा' म्हणालास तेव्हाच ऐकलं. लहानपणापासून तुझं प्रत्येक संकट 'समजा'ने सुरू होतं." तिने एक किडकं पान बाजूला टाकलं. "काल एक आला. वय हिच्याएवढंच. त्याची आई खाटेच्या पायाशी बसली होती. मी तिला पाणी दिलं, तर तिच्या हातातून पेला सुटला. कळलं? मला पेला द्यायचा आहे, घ्यायचा नाही."

बाहेरून भाऊजी म्हणाले, "बरोबर आहे."

"परीक्षा कधी आहे?" ताईने विचारलं. "मी येणार आहे."

"कशाला?"

"बघायला. कोण तिला बसवतो ते."

परीक्षेच्या दिवशी वर्कशॉपमागच्या मैदानात चुन्याची फेरी आखली होती. गाडी निळी चमकत उभी होती. परीक्षक मोटारीतून आले, मागच्या सीटवरून, उतरताना दोन्ही गुडघे वाजवत. वजनाची खात्री करून घ्यायची होती म्हणून जावईबापूंनाही हातगाडीवरून बाहेर आणलं होतं, आणि उन्हाने कॅनव्हास खराब होतो म्हणून विभागप्रमुखांनी त्यांना सावलीत खुर्ची दिली होती. मी आणि ताई उन्हात उभे.

ताईची नजर खुर्चीकडे गेली. "हा यांचा शर्ट! मी घरभर शोधतेय!"

"हळू बोल."

"आणि बसलेत पण यांच्यासारखेच."

परीक्षकांनी टेबलामागे बसून चष्मा लावला. "चौकट कुणाची?"

"माझी," पाना म्हणाली.

"छान आहे. बसा."

पाना जागची हलली नाही. "सर, मला बसता येणार नाही. मी आईला शब्द दिलाय, मोटरसायकलवर कधी बसणार नाही म्हणून."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग या शाखेत कशा आलात?"

"शिकायची परवानगी आहे, सर. बसायची नाही."

"मी आजवर पुष्कळ कारणं ऐकली. पेट्रोल संपलं, किल्ली हरवली, एकाची तर गाडीच हरवली होती. हे नवीन आहे. पण नियमात आईची तरतूद नाही."

"मी बसतो, सर," गणिती पुढे झाला. त्याचा रंग चुन्यासारखा झाला होता.

"चौकट तुमची आहे?"

"नाही."

"मग उभे राहा."

"आमचे जावईबापू फार अनुभवी..." विभागप्रमुखांनी सुरुवात केली. परीक्षकांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि पेनचं टोपण काढलं.

मी ताईकडे बघत होतो. ती पानाकडे बघत होती. आणि पाना समोर बघत होती. एकदाही तिने आईकडे मान वळवली नाही. विनवणी नाही, रुसवा नाही, डोळ्यांत पाणी नाही. वर्षभर कानसलेली गाडी बाजूला उभी, आणि ही आपली सरळ उभी, नापास व्हायला. वॉर्डात प्लास्टर कापायचं की आणखी ठेवायचं हे ठरवताना ताईचा चेहरा जसा होतो, तसा झाला.

ती तरातरा पुढे गेली. "का हो, शब्द पाळला म्हणून नापास करताय पोरीला?"

"बाई, आपण कोण?"

"नियमात जिची तरतूद नाही, ती."

परीक्षक उठून उभे राहिले. गुडघे पुन्हा वाजले. ताईने अनुभवी कानाने ते ऐकलं आणि "डावा दाखवून घ्या" म्हणाली. मग पानाकडे वळून म्हणाली, "बस."

"आई?"

"बस म्हणते ना! माझ्या नावावर नापास होणार? उद्या लोक विचारतील, आईने काय केलं, तर काय सांगायचं?"

पानाने हेल्मेट चढवलं आणि गाडीवर बसली. म्हणजे चढली. सीट इतकी उंच राहिली, की तिचे दोन्ही पाय हवेत. गाडी कलली, गणितीने मिठी मारून धरली.

"गाडी उंच झालीये," परीक्षक म्हणाले.

"नाही, सर," गणिती धापा टाकत म्हणाला, "स्वार हलका झालाय. स्प्रिंगा जावईबापूंच्या वजनाच्या आहेत. मागे कुणी बसलं तर बरोबर खाली येईल."

"मग बसवा त्यांनाच मागे."

पण जावईबापूंना हात नव्हते, त्यामुळे मागे धरून बसणं त्यांच्या कुवतीबाहेरचं होतं. गणिती इकडेतिकडे बघू लागला. त्याची नजर ताईवर थांबली. पायापासून डोक्यापर्यंत त्याने तिला शुद्ध शास्त्रीय दृष्टीने पाहिलं. ओठ हलले, बेरीज झाली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"काकू, आपलं वजन..."

"मी हाडांच्या वॉर्डात असते हे ठाऊक आहे ना तुला?"

गणितीचा चेहरा विझला. पण ताईने पर्स माझ्या हातात दिली. घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"ताई, तू कशाला?" मी म्हणालो.

"हिला काही झालं तर शेवटी मलाच धावायचंय. मग धावण्यापेक्षा बसून गेलेलं काय वाईट?" आणि ती मागे बसली. स्प्रिंगांनी एक समाधानाचा उसासा टाकला, गाडी खाली आली, आणि पानाचे पाय जमिनीला टेकले. एका आजन्म अटीचे दोन्ही पक्ष एकाच सीटवर बसले होते.

पानाने मूठ पिळली.

गाडी निघाली ती किती सुरेख! सरळ, शांत, आवाजसुद्धा गोड. "स्थैर्य बघा," विभागप्रमुख म्हणाले. आम्ही स्थैर्य बघितलं. चुन्याची रेघ डावीकडे वळली. गाडी वळली नाही. म्हणजे वळत होती, पण एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याने मत बदलावं तशी, दिसेल न दिसेल इतकी. मैदान संपलं. समोर फाटक होतं, वॉचमनने सलाम ठोकला, आणि मायलेकी रस्त्यावर गेल्या.

"वळली का नाही?" परीक्षकांनी विचारलं.

गणिती खालीच बसला. "सर, पोट."

"कुणाचं पोट?"

आम्ही सगळ्यांनी वळून सावलीतल्या खुर्चीकडे पाहिलं. चौकटीच्या शर्टातलं ते पोट अत्यंत शांत होतं. त्याला कुठेही धक्का लागलेला नव्हता.

पुढचं मी दोघींकडून नंतर वेगवेगळं ऐकलं, पण संवादावर दोघींचं एकमत आहे.

"डावीकडे घे! डावीकडे!"

"वळत नाहीये गं, आई!"

"कुणी बनवलंय हे?"

"मीच!"

"मग थांबव!"

"हळू केली की डगमगते!"

"मग हळू करू नकोस! थांबतानाच पडतात सगळे!"

नशीब असं, की कॉलेजाभोवतीचा रस्ता त्या गाडीसारखाच संथपणे वळणारा. तो तलावाच्या कडेने जातो, ताईच्या हॉस्पिटलासमोरून फिरतो आणि कॉलेजाच्या मागच्या फाटकाशी येतो. हॉस्पिटलाच्या गॅलरीत हाडांच्या वॉर्डातले पेशंट ऊन खात बसले होते. ज्यांना ताईने मोटरसायकलवरून रोज सकाळ-संध्याकाळ झाडलं होतं, ते सगळे. हेड सिस्टर हेल्मेट न घालता निळ्या मोटरसायकलवरून भर वेगात जाताना त्यांना दिसली. एकाने कुबडी उंच केली. कुणीतरी शिट्टी मारली.

"खाटेवर जा!" ताई ओरडली, आणि दिसेनाशी झाली.

इकडे परीक्षकांचा चहा संपत आला होता, तोच मागच्या फाटकातून तो गोड आवाज आला. फाटक सताड उघडं होतं, कारण वॉचमन पुढच्या फाटकाशी उभा राहून लोकांना घडलेलं सांगत होता. गाडी मैदानात शिरली, सरळ चुन्याच्या सुरुवातीच्या रेघेवर आली. गणिती दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. पानाने ब्रेक दाबला, चारही पाय जमिनीला टेकले, आणि गाडी गणितीच्या छातीला हलकेच लागून थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तो वेग न काढता उभा राहिला होता.

परीक्षकांनी कप खाली ठेवला.

"फेरी म्हणजे," ते विचार करून म्हणाले, "निघालं तिथे परत येणं. नियमात लांबी दिलेली नाही." आणि त्यांनी पास असं लिहिलं. शेऱ्यात लिहिलं: 'स्थैर्य उत्तम. वळण्याची इच्छा कमी.' विभागप्रमुखांनी त्यातलं पहिलं वाक्य पुढे फळ्यावर लावलं.

पाना हेल्मेट काढून आईसमोर उभी राहिली. आता मात्र रडत होती. "आई, शब्द मोडला गं."

"मोडला काय? तुटलेलं हाड नीट बसवलं की आणखी पक्कं होतं. यापुढे मी मागे असल्याशिवाय बसायचं नाही. दे शब्द." मग ती जावईबापूंकडे गेली, चौकटीचा शर्ट बटण बटण सोडून उतरवून घेतला, घडी केली, आणि विभागप्रमुखांना म्हणाली, "याला जरा फिरवत जा. पोट फार वाढलंय."

या गडबडीत तिची पर्स माझ्याच हातात राहिली. दुसऱ्या दिवशी द्यायला म्हणून मी वॉर्डात गेलो. ताई एका नव्या पेशंटच्या खाटेशी उभी होती. नडगी. वळणावर आडवा झालेला. मी दारातच थांबलो, कारण आता दोन मिनिटं भाषण होणार हे मला पाठ होतं.

"वळताना हँडल अडलं का?" ताईने विचारलं.

पोरगा गोंधळला. "नाही, सिस्टर."

"पूर्ण वळत होतं?"

"हो. पण गाडीच भिकार आहे, हो. कधी घसरेल सांगता येत..."

"हँडल पूर्ण वळतंय, आणि गाडीला नावं ठेवतोस?" ताईचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचा कुबडीवाला उठून बसला. "बनवणारी पोरं गुडघ्यावर बसून कानस मारतात, माहितीये? दोष गाडीचा नाही, तुझा आहे. पाय वर घे."